घसरण कोणाची?

महिला टेनिसपटूच्या कारकिर्दीची आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट आहे. मुलगी गुणी असते, आईवडील खस्ता खातात, ती एखादे पदक जिंकते, वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येते. दोन-तीन वर्षांनी तिची क्रमवारी खाली येते आणि मग कारणे शोधली जातात : जिद्द कमी पडली, यश डोक्यात गेले, लग्न झाले, वय झाले. चढ आला तो तिच्या गुणांमुळे आणि उतार आला तो तिच्या उणिवांमुळे, असा या गोष्टीचा गाभा असतो. दोन्ही वेळा जबाबदार तीच.

ही समजूत उथळ आहे आणि घातकही आहे. सगळे श्रेय आणि सगळा दोष एका मुलीच्या पदरात टाकला की संघटना, सरकार, प्रायोजक आणि प्रेक्षक मोकळे होतात. माझे म्हणणे असे आहे : व्यावसायिक महिला टेनिसमधले बहुतेक चढउतार खेळाडूच्या खेळात घडत नाहीत. तो खेळ ज्या व्यवस्थेवर उभा असतो, तिच्यात ते घडतात. गुणांचे नियम, प्रवासाचा खर्च, घराजवळच्या स्पर्धांची संख्या, दुखापत आणि मातृत्वाच्या काळात मिळणारे किंवा न मिळणारे संरक्षण, या चार गोष्टी कारकिर्दीचा आलेख काढतात. म्हणून अशा कारकिर्दीचे मोल तिच्या सर्वोच्च क्रमांकावरून ठरवता येत नाही. ती किती वर्षे टिकली आणि कशाच्या बळावर टिकली, हे पाहावे लागते. हे म्हणणे पुढे क्रमाने मांडतो.

१. आधी परिस्थिती, मग फटका

आधी कोर्टवरचे एक साधे उदाहरण. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) नियमांत समुद्रसपाटीपासून ४,००० फूट, म्हणजे १,२१९ मीटरच्या वर खेळताना वापरण्यासाठी वेगळ्या चेंडूची तरतूद आहे. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. पाचगणीही या रेषेच्या वर आहे. इथली हवा मुंबईच्या किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ असते. चेंडूला हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे तो जास्त लांब जातो. बाहेरचा दाब कमी असल्याने नेहमीचा चेंडू उसळतोही जास्त. मुंबईत बेसलाइनच्या आत पडणारा फोरहँड महाबळेश्वरात त्याच जोराने मारला तर बाहेर जाईल. जाणता प्रशिक्षक अशा वेळी मुलीचा फोरहँड बिघडला असे म्हणणार नाही. तो चेंडू बदलेल, रॅकेटच्या तंतूंचा ताण वाढवेल, तिला टॉपस्पिन वाढवायला सांगेल.

त्यातच महाबळेश्वरचा पावसाळा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या कोर्टवर नियमित सराव अशक्य आहे. इथल्या मुलीने टेनिस खेळायचे ठरवले तर वर्षाचा एक तृतीयांश भाग तिला घाट उतरूनच काढावा लागेल. पुण्यातल्या तिच्या वयाच्या मुलीशी तुलना करताना हे चार महिने कोणी मोजणार नाही.

जागेचा फटक्यावर होणारा परिणाम आपण कोर्टवर मान्य करतो आणि कारकिर्दीचा विचार करताना विसरतो. खेळाडूचा फटका तोच राहतो आणि तिच्याभोवतीची परिस्थिती बदलते, असे व्यावसायिक टेनिसमध्ये वारंवार घडते. त्याची यंत्रणा समजून घेऊ.

२. क्रमवारी नेमके काय मोजते

महिला टेनिस संघटनेची (डब्ल्यूटीए) जागतिक क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. मार्चमध्ये मिळवलेले गुण पुढच्या मार्चमध्ये गळून पडतात. समजा, एखाद्या खेळाडूने या वर्षी डब्ल्यू-३५ दर्जाची आयटीएफ स्पर्धा जिंकून ३५ गुण मिळवले. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा तिने पुन्हा जिंकली तर ती होती तिथेच राहते. उपांत्य फेरीत हरली तर त्या स्पर्धेचे निम्म्याहून अधिक गुण जातात. पाय मुरगळल्यामुळे खेळलीच नाही तर सगळे जातात. म्हणजे या यादीत जागेवर राहण्यासाठीही मागच्या वर्षीच्या सर्वोत्तम कामगिरीइतके पुन्हा कमवावे लागते. दोनशे ते चारशेच्या पट्ट्यात खेळाडूंच्या गुणांमधले अंतर इतके कमी असते की एका स्पर्धेतले गुण गेल्याने क्रमांक एकदम बराच खाली येऊ शकतो.

खेळाडूला मिळणाऱ्या संधीही याच क्रमांकावर अवलंबून असतात. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जणी खेळतात. त्यातल्या सुमारे १०४ जणींना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो. त्याखालच्या सव्वाशे जणी पात्रता फेरीसाठी झगडतात. साधारण दोनशेतिसाव्या क्रमांकानंतर हे दार बंद होते. दोनशे विसावी आणि दोनशे साठावी या दोघींच्या खेळात प्रेक्षकाला फरक दिसणार नाही. त्यांच्या वर्षाच्या मिळकतीत मात्र तो ठसठशीत दिसतो.

गुणांची वाटणीही पाहा. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणारीला १० गुण मिळतात. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये तिला ६० हजार पौंडही मिळाले. डब्ल्यू-१५ स्पर्धेत पाच सामने जिंकून विजेती होणारीला १५ गुण मिळतात आणि त्या संपूर्ण स्पर्धेची बक्षीस रक्कम असते १५ हजार डॉलर, ज्यात एकेरी आणि दुहेरीच्या सगळ्याच वाटेकरी असतात. वर असलेलीला हरूनही तग धरता येतो. खाली असलेलीला जिंकूनही धरता येत नाही. तेव्हा क्रमवारी खेळ मोजते हे अर्धेच खरे आहे. ती खेळण्याची ऐपतही मोजते.

३. खर्चाचे गणित

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकडेवारीवरून एक पाहणी केली होती. व्यावसायिक महिला खेळाडूचा प्रवास, मुक्काम, जेवण आणि साहित्याचा वर्षाचा सरासरी खर्च सुमारे ४० हजार डॉलर निघाला. त्यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेला नव्हता. हा खर्च बक्षिसाच्या रकमेतून भरून निघण्यासाठी महिलेला एकेरीत जगात साधारण २५३ व्या क्रमांकावर असावे लागत होते. पुरुषाला ३३६ व्या. प्रशिक्षक, फिजिओ आणि बरोबर येणारी आई किंवा वडील यांचा खर्च धरला तर ही रेषा आणखी वर सरकते. त्यातही युरोपातल्या खेळाडूला आगगाडीने शेजारच्या देशात जाऊन स्पर्धा खेळता येते. सोलापूर किंवा साताऱ्याच्या मुलीला त्याच स्पर्धेसाठी व्हिसा, विमान आणि सलग पाच-सहा आठवड्यांचा परदेशातला मुक्काम लागतो.

याचा अर्थ असा, की ज्या काळात खेळाडू घडत असते, म्हणजे सोळा ते तेवीस या वयात, ती जवळजवळ नेहमीच तोट्यात खेळते. हा तोटा कोण सोसते, यावर पुढचे सगळे ठरते.

इतिहासात याचे उत्तर सोपे होते : घर. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला मुंबईची होती. लीला राव यांनी १९३४ मध्ये ही कामगिरी केली. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव या पुण्यात जन्मलेल्या संस्कृत लेखिका, वेदांचे आणि तुकोबांच्या गाथेचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. त्या स्वतःही टेनिस खेळत. लीला यांचे वडील डॉक्टर होते. घरात विद्या, पैसा आणि मुलीने परदेशात जाऊन खेळावे इतका मोकळेपणा, हे तिन्ही होते. १९६८ पर्यंत मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच होत्या. तिथे कमाईची अपेक्षा नव्हती, त्यामुळे कमाई थांबल्याने कारकीर्द संपण्याचा प्रश्नही नव्हता. लीला राव यांच्या गुणवत्तेला यामुळे उणेपणा येत नाही. त्या गुणवत्तेला जमीन मिळाली होती, एवढेच यातून दिसते.

खुल्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला निरुपमा वैद्यनाथन. वर्ष १९९८, ऑस्ट्रेलियन ओपन. १९३४ आणि १९९८ या दोन वर्षांत ६४ वर्षांचे अंतर आहे. या ६४ वर्षांत देशातल्या मुलींची जिद्द आटली होती, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने पुरावा द्यावा. टेनिस हौशी घराकडून व्यवसायाकडे गेले आणि त्या व्यवसायाचा खर्च उचलणारी कोणतीही यंत्रणा आपण उभी केली नाही, हे कारण मला जास्त पटते.

४. अंकिताचा मार्च २०२०

अंकिता रैना मूळची अहमदाबादची. २००७ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती पुण्यात आली आणि पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली. एकेरीत जगातल्या पहिल्या दोनशेत ती २०१८ मध्ये पोहोचली, पंचविसाव्या वर्षी. म्हणजे पुण्यात आल्यापासून सुमारे अकरा वर्षांनी. त्याच वर्षी जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक जिंकले. सानिया मिर्झानंतर एकेरीत पदक मिळवणारी ती दुसरीच भारतीय महिला. २ मार्च २०२० रोजी ती १६० व्या क्रमांकावर होती. तो तिचा सर्वोच्च क्रमांक ठरला. त्याच आठवड्यात दुबईत भारतीय संघ फेड कपच्या (आताच्या बिली जीन किंग कपच्या) प्ले-ऑफमध्ये पहिल्यांदा पोहोचला आणि त्यात तिचा मोठा वाटा होता.

आणि काही दिवसांत जगभरचे टेनिस बंद पडले. महिलांचा दौरा ऑगस्टमध्ये पालेर्मोला पुन्हा सुरू झाला. सत्ताविसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या सर्वोत्तम महिन्यात, पाच महिने एकही स्पर्धा नाही. त्यानंतर विलगीकरण, व्हिसाचे अडथळे आणि महागलेला प्रवास. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने कामिला राखिमोवाच्या साथीने मेलबर्नला फिलिप आयलंड ट्रॉफीचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि दुहेरीत ती पहिल्या शंभरात आली. एकेरीत ग्रँड स्लॅमची मुख्य फेरी मात्र हुकली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतला शेवटचा सामना ती हरली.

या कारकिर्दीचे वर्णन दोन तऱ्हांनी होऊ शकते. पहिले : १६० पर्यंत चढली, मग उतरली, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत खेळलीच नाही. दुसरे : खर्च भरून निघण्याच्या रेषेच्या आसपास, युरोपात तळ नसताना, ती दहा वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक टेनिस खेळत राहिली आणि एप्रिल २०२५ मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला झालेल्या बिली जीन किंग कपमध्येही भारताच्या संघात होती. पहिले वर्णन आकड्यांशी इमान राखते आणि माणसाशी बेइमानी करते. दुसऱ्यात दोन्ही राखले जाते.

५. पदक आणि गुण यांची फारकत

आपल्या कौतुकाचे वेळापत्रक आणि व्यावसायिक टेनिसचे वेळापत्रक यांचा एकमेकांशी संबंध नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुण्याच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामना २–६, ६–३, १०–४ असा पहिला सेट गमावून फिरवलेला. देशाने टाळ्या वाजवल्या. डब्ल्यूटीए क्रमवारीत मात्र या सुवर्णपदकाचा एकही गुण मिळत नाही. २०१६ पासून ऑलिंपिकमध्येही गुण नाहीत. खेळाडू देशासाठी जाते तो आठवडा क्रमवारीच्या दृष्टीने कोरा राहतो. पुढे क्रमांक खाली आला की पदकानंतर ती ढेपाळली असा निष्कर्ष काढायला हेच टाळ्या वाजवणारे मोकळे असतात.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ मध्ये इंचॉनला तिने सानियाच्या साथीने आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. २०१६ मध्ये दोघी रिओ ऑलिंपिकमध्ये खेळल्या आणि चीनच्या जोडीकडून पहिल्याच फेरीत तीन सेटच्या झुंजीत हरल्या. ठरलेल्या गोष्टीप्रमाणे इथे पडदा पडायला हवा. पण २०२५ च्या बिली जीन किंग कपसाठी पुण्यात आलेल्या भारतीय संघात प्रार्थना होती, इंचॉनच्या पदकानंतर अकरा वर्षांनी. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून निघालेल्या मुलीने एवढी वर्षे या खर्चिक खेळात उभे राहणे, ही ऑलिंपिकच्या एका सामन्यापेक्षा मोठी कामगिरी आहे. तिच्यासाठी आपल्याकडे कोणताही पुरस्कार नाही.

या सगळ्या पदकांत दुहेरीचा वाटा मोठा आहे, तेव्हा आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. एकेरी जमली नाही म्हणून दुहेरी, असे सर्रास म्हटले जाते. दुहेरीत नेटजवळचा खेळ, सर्व्हिसच्या परतीची अचूकता आणि जोडीदाराच्या हालचालीचा अंदाज यांची वेगळी कसोटी लागते. शरीरावरचा भार कमी पडतो, म्हणून कारकीर्द लांबते. हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. त्याला माघार म्हणणे अन्यायाचे आहे.

६. शरीर, मातृत्व आणि संरक्षण

सानिया मिर्झा २००७ च्या ऑगस्टमध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकावर होती. पुढच्याच वर्षी मनगटावर शस्त्रक्रिया झाली. एकेरीत ती पुन्हा तिथवर गेली नाही आणि २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. त्या वेळी लिहिणाऱ्यांनी तिच्या कारकिर्दीचा उतार जाहीर करून टाकला होता. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी चार तिने एकेरी सोडल्यानंतरच्या काळात मिळवली. २०१८ मध्ये ती आई झाली आणि जानेवारी २०२० मध्ये पुनरागमनाच्या पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, दुहेरीचे विजेतेपद घेऊन परतली.

इथे जिद्द होतीच. पण जिद्दीच्या बरोबरीने एक नियमही उभा होता. दुखापत किंवा बाळंतपणामुळे दीर्घकाळ बाहेर राहिलेल्या खेळाडूला तिच्या आधीच्या क्रमांकावर मर्यादित स्पर्धांत प्रवेश मिळतो. याला संरक्षित क्रमवारी म्हणतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये सानियाने दुहेरीतल्या आपल्या नवव्या संरक्षित क्रमांकावर प्रवेश मिळवला आणि जोडीदार म्हणून अंकिता रैनाला सोबत नेले. एका नियमामुळे दोन भारतीय महिला ऑलिंपिक खेळल्या. तो नियम नसता तर आपण आईपणामुळे तिची कारकीर्द संपली असे लिहिले असते आणि ते खरे मानले असते.

मार्च २०२५ मध्ये डब्ल्यूटीएने मातृत्व निधी सुरू केला. पात्र खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत पगारी रजा मिळते. हे पाऊल मोठे आहे. पण त्यासाठी ठरावीक संख्येने डब्ल्यूटीए दर्जाच्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागतात. ज्यांची उपजीविका आयटीएफच्या छोट्या स्पर्धांवर चालते, त्यांतल्या बहुतेक जणी या छताबाहेर राहतात. आपल्या बहुतेक खेळाडू तिथेच आहेत.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप साताऱ्यातूनच येईल. साताऱ्यात घडलेली अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, सतराव्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. माणच्या दुष्काळी पट्ट्यातली ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्यांना कुठे कोट्यवधी लागले? मग टेनिसवालींनाच व्यवस्था का हवी? या दोघींच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे. पण खेळांची रचना वेगळी आहे. तिरंदाजी आणि ॲथलेटिक्समध्ये राष्ट्रीय संघात निवड झाली की परदेश दौऱ्याचा भार संघटना आणि सरकार उचलतात. वर्षात मोजक्या मोठ्या स्पर्धा असतात. टेनिसपटूला वर्षात वीस-पंचवीस आठवडे स्वतःच्या पैशाने फिरावे लागते. क्रिकेटशी तुलना केली तर दरी आणखी दिसते. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला मंडळाचा वार्षिक करार आहे आणि २०२३ च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तिला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. एखादी मालिका वाईट गेली तरी तिचे उत्पन्न थांबत नाही, आणि थांबूही नये. टेनिसपटूचा हंगाम वाईट गेला की उत्पन्न त्याच आठवड्यापासून आटते आणि खर्च तेवढाच राहतो.

दुसरा आक्षेप : जिद्द असेल तर माणूस परत येतोच, जेनिफर कॅप्रिएटी आली, ॲश्ले बार्टी आली. कॅप्रिएटी तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, सोळाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकली, कोलमडली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून उभी राहिली. पण तिच्या अनुभवानंतर महिला टेनिसने कोवळ्या वयाच्या मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा घातली. म्हणजे तिच्या कोसळण्यात व्यवस्थेचा दोष होता, हे खुद्द व्यवस्थेने मान्य केले. बार्टी टेनिस सोडून ब्रिस्बेनला क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली आणि पुढे एकेरीची तीन ग्रँड स्लॅम जिंकली. तिचा देश ग्रँड स्लॅम भरवतो, तिथे देशी खेळाडूंना वाइल्ड कार्ड असतात, अनेक छोट्या स्पर्धा घराजवळ असतात. परत येण्यासाठी तिच्याजवळ जागा होती. जिद्द बार्टीजवळही असते आणि आपल्या मुलीजवळही असते. जागा एकीजवळ असते आणि दुसरीजवळ नसते.

तिसरा आक्षेप बाजाराचा आहे. ज्यांना जिंकता येत नाही त्यांनी बाजूला व्हावे, खेळ निष्ठुरच असतो. बाजूला होण्यात कमीपणा नाही, हे मला मान्य आहे. सांगलीचे नंदू नाटेकर राष्ट्रीय ज्युनियर टेनिसच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले, बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. पण कोण जिंकू शकत नाही, हे विशीत ठरवता येते का? चीनची ली ना विशीत खेळ सोडून विद्यापीठात शिकायला गेली, २००४ मध्ये परतली आणि २०११ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, फ्रेंच ओपन जिंकली. फ्लाविया पेनेटा २०१५ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. पैसा संपल्याने तेविसाव्या वर्षी रॅकेट ठेवणाऱ्या मुलीची गुणवत्ता बाजाराने तपासलेलीच नसते. बाजाराने तिच्या वडिलांची शिल्लक तपासलेली असते.

चौथा आक्षेप गंभीर आहे. शाळांना छप्पर नसताना सार्वजनिक पैसा टेनिसवर का घालवावा? इथे मी मान्य करतो की एका-दोघींवर उधळपट्टी करणे चूक आहे. पण महाराष्ट्राने २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात पुरुषांची एटीपी-२५० स्पर्धा भरवली. ती आली, गेली. म्हणजे टेनिससाठी बळ उभे करता येते, हे आपण दाखवलेले आहे. ते कोणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न आहे. डब्ल्यू-१५ स्पर्धेची बक्षीस रक्कम २०२५ च्या दराने सुमारे तेरा लाख रुपये होते. आयोजनाचा खर्च धरूनही अशा अनेक स्पर्धा एका मोठ्या स्पर्धेच्या खर्चात बसतील. त्यांचा लाभ तीस-चाळीस भारतीय मुलींना विमानात न बसता मिळेल.

मग करायचे काय

एक. महाराष्ट्रात महिलांच्या आयटीएफ स्पर्धांची सलग साखळी हवी. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, सोलापुरात, नवी मुंबईत अशा स्पर्धा झालेल्या आहेत. अनुभव आहे, पंच आहेत, प्रेक्षक आहेत. त्यांना सांगली, सातारा, कोल्हापूर जोडून डिसेंबर ते मार्चमध्ये पाच-सहा आठवडे लागोपाठ खेळता आले तर मुलगी एसटीने प्रवास करून गुण मिळवू शकेल. मुंबईत २०१७ मध्ये झालेली डब्ल्यूटीए-१२५ स्पर्धा एकोणीस वर्षांच्या अरिना साबालेन्काने जिंकली होती. २०२३ मध्ये ती जगात पहिली झाली. २०२५ च्या मुंबई स्पर्धेत पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत गेली. घराजवळची स्पर्धा काय देऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा नको.

दोन. मदत पदकानंतर देऊ नये, पदकापूर्वी द्यावी आणि किमान तीन वर्षांसाठी द्यावी. पुण्याच्या वैष्णवी आडकरने २०२५ मध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक मिळवले. सत्कार झाले. तिच्यासारख्या खेळाडूला पुढची तीन वर्षे प्रशिक्षकासह फिरता येईल का, हा खरा प्रश्न आहे. दुखापत झाली तर ही मदत थांबू नये. तेव्हाच तिची गरज सर्वांत जास्त असते.

तीन. छोट्या स्पर्धांवर जगणाऱ्या खेळाडूंसाठी राज्याने दुखापत आणि मातृत्व निधी उभारावा. डब्ल्यूटीएचे छत जिथे संपते तिथून तो सुरू व्हावा.

चार. शिक्षणाची वाट प्रतिष्ठेची मानावी. ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि नंतर आशियाई विजेती झाली. विद्यापीठात जाणारी मुलगी खेळातून गेली, असे पालकांनी समजू नये.

पाच. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणांचा विचार सहलीपलीकडे व्हावा. एप्रिल-मेमध्ये पुणे-सोलापूर तापलेले असताना इथल्या थंड हवेत आणि इथल्या उंचीवर मुलींची सराव शिबिरे भरवता येतील. पाचगणीच्या निवासी शाळांकडे मैदाने आणि वसतिगृहे आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रिकामी असतात. उंचीवरचे टेनिस शिकवण्यासाठी आपल्या मुलींना परदेशी पाठवण्याची गरज नाही.

आणि क्रीडापत्रकारांना एक विनंती. एखाद्या खेळाडूचा क्रमांक घसरला अशी बातमी देताना तिचे कोणते गुण गळाले, ती किती आठवडे खेळू शकली आणि का, हे दोन ओळींत लिहावे. तेवढ्यानेही वाचकाची दृष्टी बदलेल.

महाराष्ट्रात उद्या एखादी मुलगी जागतिक क्रमवारीत वर जाईल, तेव्हा आपण सगळे तिच्याबरोबर उभे असू. त्याची मला काळजी नाही. ती दोनशे ऐंशीव्या क्रमांकावर असेल, मनगटाला पट्टी असेल आणि पुढच्या स्पर्धेचे तिकीट काढायचे की नाही हे घरात ठरत असेल, तेव्हा तिच्याबरोबर कोण उभे राहणार, हे संघटनांनी, सरकारने आणि तिच्या विजयावर हक्क सांगणाऱ्या आपण सर्वांनी आजच ठरवले पाहिजे. ते ठरवत नाही तोवर तिच्या उताराबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.